टुराको: पंखांत तांबं मुरलेला आफ्रिकेचा रानपक्षी, आणि पिंजऱ्यातलं त्याचं जगणं

अरण्यगंधा:

'विदेशी पक्षी' धाग्यावर एका सदस्याने टुराकोच्या जोडीचा फोटो टाकून "विकत घ्यावी का?" असं विचारलं होतं. त्याखालचे जवळजवळ सगळे प्रतिसाद "वा, काय रंग आहेत!" एवढ्यावरच थांबले. रंग आहेतच तसे. पण हा पक्षी मी गेली काही वर्षं त्याच्या स्वतःच्या जंगलात पाहते आहे आणि माझं मत पक्कं झालंय की टुराको कळायचा असेल तर आधी तो धावतो कसा ते पाहायला हवं. म्हणून वेगळा धागा काढते.

आधी थोडी ओळख. टुराको, प्लांटेन-ईटर आणि गो-अवे बर्ड मिळून एक कुळ होतं. त्यात साधारण २३ जाती आहेत आणि सगळ्या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. बाहेर जगात कुठेही रानात टुराको नाही. पूर्वी यांना कोकीळ-भारद्वाजांच्या नात्यात बसवत असत, आता त्यांचा गणच स्वतंत्र मानतात.

मी नैरोबीत राहते. इथला टुराको म्हणजे हार्टलॉब्स टुराको. केनियाच्या डोंगराळ भागातला आणि उत्तर टांझानियातला हा रहिवासी. अंग हिरवं, डोक्यावर निळा-काळा तुरा, डोळ्याभोवती लाल कडं आणि डोळ्याजवळ पांढरा ठिपका. आकार चाळीस-बेचाळीस सेंटीमीटर, त्यातली बरीचशी शेपटीच. फांदीवर बसलेला असताना हा पानांत असा मिसळतो की आवाज डोक्यावरून येत असूनही दिसत नाही. मग तो उडतो आणि पंख उघडताच आतला गडद किरमिजी रंग एकदम समोर येतो. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास ओरडतो.

पण उडणं हे त्याचं मुख्य काम नाहीच. टुराको फांद्यांवरून धावतो. आपलं शेकरू जसं एका झाडाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत जमिनीला पाय न लावता जातं, तसाच हा जातो. पळत, उड्या घेत, शेपटीने तोल सांभाळत. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट पुढेही वळतं आणि मागेही, त्यामुळे फांदी उभी असो वा आडवी, पकड सुटत नाही. उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत असा धावत चढतो आणि तिथून तरंगत पुढच्या झाडाच्या मधल्या फांद्यांत उतरतो. पुन्हा चढण. दिवसभर हेच, मध्ये मध्ये फळं.

मी त्याला बघते ते करूरा जंगलात. शहराच्या पोटातलं हे हजार हेक्टरांहून मोठं जंगल आज आहे ते एका बाईमुळे आणि तिच्याबरोबर उभ्या राहिलेल्या लोकांमुळे. १९९०च्या दशकाच्या शेवटी या जंगलाचे तुकडे खाजगी बांधकामासाठी वाटले गेले होते. केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई तिथे रोपं लावायला गेल्या. ८ जानेवारी १९९९ रोजी फाटकाशी त्यांच्यावर हल्ला झाला, डोक्याला जखम झाली. तरी त्या मागे हटल्या नाहीत. २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. तेव्हा ते जंगल गेलं असतं तर तिथे आज बंगले असते, आणि झाडाच्या शेंड्यावरून चालणाऱ्या या पक्ष्याला नैरोबीत फारशी जागा उरली नसती. सलग शेंडे हाच त्याचा रस्ता आहे.

आता बोला. ज्यांनी पाळलाय, पाहिलाय, अभ्यासलाय, सगळ्यांनी लिहा.

---

मुळशीकर:

अरण्यगंधाताई, सुरेख धागा. एक शंका. या पक्ष्याचा लाल रंग पावसात धुऊन जातो असं कुठंतरी वाचलं होतं. हे खरं की नुसती दंतकथा?

---

परीक्षानळी:

मुळशीकर, मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न सोडून देणं मला जमत नाही.

साध्या पावसाने रंग जात नाही. निसर्गातला टुराको पावसात भिजून पुन्हा लालच राहतो. पण तो लाल पदार्थ अल्कलीच्या अगदी सौम्य द्रावणात विरघळतो हे खरं आहे. गळून पडलेलं पीस अमोनियाच्या पाण्यात बुडवलं तर पाणी लाल होतं. बहुतेक पक्ष्यांच्या पिसांबाबत हे शक्य नाही, तिथे रंग पिसाच्या घडणीत घट्ट बसलेला असतो.

आर्थर हर्बर्ट चर्च या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ वेगळा काढला, त्याला टुरॅसिन नाव दिलं आणि १८६९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याला तांबं सापडलं. नुसता अंश नव्हे, वजनाच्या साधारण सात टक्के तांबं! पक्ष्याच्या पिसात इतका धातू असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

याची रचना मला फार आवडते. टुरॅसिन हे पॉर्फिरिन आहे, म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं एक मोठं कडं आणि त्याच्या मधोमध एक धातूचा अणू. तशाच जातीच्या कड्यात मध्ये लोह असेल तर ते आपल्या रक्तातलं हीम. मॅग्नेशियम असेल तर पानातलं हरितद्रव्य. आणि टुराकोने मध्ये तांबं बसवलं.

हिरव्याची गोष्ट तर त्याहून न्यारी. आपल्या पोपटाच्या पिसात हिरवा रंग असा नसतोच. पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश विखुरतो, त्यावर पिवळं रंगद्रव्य असतं आणि दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. टुराकोचा हिरवा मात्र खराखुरा हिरवा रंग आहे, टुराकोव्हर्डिन, आणि त्यातही तांबं. पक्ष्यांच्या जगात असं अस्सल हिरवं रंगद्रव्य अगदी मोजक्यांकडे आहे.

---

अरण्यगंधा:

परीक्षानळी सर, हे वाचून अंगावर काटा आला. हे तांबं त्याला खाण्यातूनच मिळवावं लागतं ना?

---

परीक्षानळी:

दुसरीकडून येणार कुठून? शरीर धातू तयार करत नाही. फळं, कळ्या, कोवळी पानं यातून थोडं थोडं गोळा करून तो ते पिसांत घालतो. दर वेळी पिसं झडली की पुन्हा नव्याने.

---

सरोवरकाठ:

मी कंपालात नोकरीला आहे. इथे कुळातला सगळ्यात मोठा सदस्य राहतो, ग्रेट ब्लू टुराको. सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर लांब, वजन किलोच्या आसपास. निळसर राखाडी अंग, पोटाकडे पिवळट हिरवा आणि मग तांबूस, पिवळी चोच टोकाला लाल, डोक्यावर काळा-निळा तुरा. अरण्यगंधाताईंनी सांगितलेला पंखातला लाल मात्र याच्याकडे नाही.

एंटेबेच्या वनस्पती उद्यानात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, हे अगदी सहज दिसतात. माणसांची सवय झालेली आहे. पाच-सहा जणांचं कुटुंब एका झाडावर येतं आणि एकामागून एक, रांगेत, पुढच्या झाडावर जातं. सगळे एकदम कधीच नाही. पहिला जातो, बाकीचे थांबतात, मग दुसरा. आवाज घुमणारा, घशातून गुरगुरत येणारा, मध्येच 'कोक-कोक-कोक'. ऑफिसातले नवे लोक आधी माकड समजतात.

त्याच बागेत रॉसचा टुराकोही आहे. गडद जांभळा-निळा, पिवळी चोच, लाल तुरा. दोन्ही एका सकाळी बघायला मिळतात यासाठी तरी युगांडात यावं.

हेही लिहायला हवं की मध्य आणि पश्चिम आफ्रिकेत काही ठिकाणी ग्रेट ब्लू मांसासाठी मारला जातो. पक्षी मोठा, आवाज मोठा, सापडायला सोपा.

---

पंखछंदी_सांगली:

तो फोटो टाकणारा मीच. ताईंनी नाव घेतलं नाही याबद्दल आभार, पण मला बाजू मांडायची आहे.

मी हौस म्हणून पक्षी ठेवणारा माणूस नाही. शेतावर माझं पक्षीगृह आहे, फिंच आणि छोटे पोपट मी पिढ्यान्‌पिढ्या वाढवतोय. टुराकोच्या घरट्याविषयी, पिल्लांविषयी आज जे तपशील माहीत आहेत त्यातले बरेचसे पाळणाऱ्यांनी दिले आहेत. घरटं म्हणजे चार काटक्यांची विरळ चळत, खालून अंडी दिसतील अशी. अंडी बहुधा दोन. नर-मादी दोघेही उबवतात, साधारण तीन आठवडे किंवा थोडं जास्त. पिल्लू दाट लोकरीत गुंडाळलेलं जन्मतं. आई-बाप फळांचा लगदा ओकून भरवतात. आणि उडता येण्याच्या बरंच आधी पिल्लू घरट्यातून बाहेर पडून फांद्यांवर चढायला लागतं. काही जातींच्या पिल्लांच्या पंखावर छोटं नख असतं, त्याचा त्यांना आधार होतो. रानातल्या साठ फुटांवरच्या घरट्यात हे कुणी इतक्या जवळून पाहिलं असतं?

अंगोलाचा लाल तुऱ्याचा टुराको जगात दुसरीकडे कुठेच नाही, फक्त अंगोलात. पण युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत तो नियमित पिल्लं देतो. पांढऱ्या गालाचा टुराकोही तसाच. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी विकत घेतला तर जंगलाचं काय नुकसान झालं, ते मला कुणी समजावून सांगा.

---

खुरप्याआधी_स्टेथो:

मी पशुवैद्य आहे, पक्ष्यांचे रुग्ण बरेच बघते. पंखछंदी दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे उत्तरही नीट देते.

आधी खाणं. फळं खाणाऱ्या काही पक्ष्यांचं शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषतं आणि ते यकृतात साठत जातं. टूकॅन आणि पहाडी मैना यांच्यात हा आजार सगळ्यात जास्त, टुराकोतही आढळतो. पहाडी मैना पूर्वी आपल्याकडे घरोघरी असायची आणि अचानक मरायची, त्यातल्या कितीतरी याच आजाराने गेल्या असाव्यात असं माझं मत आहे. म्हणून टुराकोला कुत्र्या-मांजराचं खाद्य कधीच नाही, आणि कमी लोहाचं खास खाद्य हवं. संत्रं-मोसंबंही टाळायचं, कारण क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं. पपई, सफरचंद, नासपती, कोवळा पाला चालतो. नुसत्या केळ्यावर ठेवलेला टुराको मी बघितला आहे. पिसं निस्तेज, वजन घटलेलं.

दुसरं म्हणजे भांडण. हे पुस्तकांत कमी आणि पिंजऱ्यात जास्त दिसतं. विणीच्या काळात नर मादीच्या मागे लागतो. रानात ती तीन झाडं ओलांडून जाईल. पिंजऱ्यात जाणार कुठे? कोपऱ्यात सापडली की चोचीने डोकं फोडून मारतो. अनुभवी लोक म्हणूनच मध्ये आडोसे, दाट झुडपं, दोन वेगवेगळी खाण्याची ठिकाणं ठेवतात आणि गरज पडली तर नर वेगळा करतात. माझ्या मते एका जोडीला सहा मीटरांहून कमी लांबीचं पक्षीगृह म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. त्यात फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या, वेगवेगळ्या उंचीवर, एकमेकींना जोडून जाणाऱ्या हव्यात. अरण्यगंधाताईंनी सांगितलेलं धावणं हा त्याचा व्यायाम आहे. सरळ दोन दांड्यांवर बसवलेला टुराको फक्त जिवंत असतो.

तिसरं, उंदीर. त्यांच्या विष्ठेतून येर्सिनिया या जिवाणूचा संसर्ग होतो आणि टुराको-टूकॅन यांना तो फार लवकर लागतो. काल धडधाकट, आज पिंजऱ्याच्या तळाशी. शेतावरच्या पक्षीगृहात उंदीर येणारच, तेव्हा जमिनीखाली जाळी आणि रात्री उरलेली फळं उचलणं याला पर्याय नाही.

आणि चौथं कायदा. टुराको कुळातल्या टौराको (Tauraco) या प्रजातीतले सगळे पक्षी साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून अशा विदेशी जाती आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. त्यानुसार पक्षी बाळगणाऱ्याने परिवेश या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करायची, आणि पिल्लू झालं, पक्षी मेला, दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. प्रजनन करायचं तर वेगळा परवाना. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

---

पंखछंदी_सांगली:

डॉक्टर, एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. नराने मादीला मारण्याचं तर विक्रेत्याने अवाक्षर काढलं नाही. "जोडी एकदम शांत आहे" एवढंच. जोडी दाखवली होती ती चार फुटी पिंजऱ्यात.

---

मुळशीकर:

चार फुटांत हा धावणार कुठे?

---

अरण्यगंधा:

पंखछंदी दादा, तुमच्या प्रश्नाला मी माझं उत्तर देते, तुम्ही पटवून घ्या किंवा नका घेऊ.

"जंगलाचं काय नुकसान?" पक्षी खरोखर पिंजऱ्यात जन्मला असेल तर थेट काही नाही. पण ते कळणार कसं? पायात बंद कडी (पिल्लू लहान असतानाच चढवतात ती) असेल, कागद असतील, पालकांची नोंद असेल तर. नसेल तर तो आफ्रिकेत जाळीत सापडलेला असू शकतो, आणि अशा प्रवासात पोचलेल्या पक्ष्याबरोबर वाटेत मेलेलेही असतात. युरोपीय संघाने २००५ मध्ये रानातल्या पक्ष्यांची आयात थांबवली ती बर्ड फ्लूच्या भीतीने, २००७ पासून ती बंदी कायमची झाली. तिथल्या पाळणाऱ्यांनी म्हणूनच आपल्याकडच्या पक्ष्यांचीच वीण काळजीने सांभाळली. आपल्याकडे तशी काटेकोर नोंद ठेवणारे पाळणारे तयार झाले तर मला आनंदच आहे, आणि तुम्ही त्यातले होऊ शकता असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

पण पिंजऱ्यात पिल्लं झाली म्हणून जात वाचते, हे मला पटत नाही. कॅमेरूनचा बॅनरमनचा टुराको घ्या. बामेंडाच्या डोंगरांत राहतो, त्याचं मोठं आश्रयस्थान म्हणजे ओकू पर्वतावरचं किलुम-इजिम जंगल. आजूबाजूचे डोंगर शेतीसाठी, चराईसाठी, सरपणासाठी बोडके झाले आणि हा पक्षी संकटग्रस्त झाला. तिथे १९८७ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन जंगल राखण्याचं काम सुरू झालं आणि उरलेलं जंगल टिकलं ते त्यामुळे. याची लाल पिसं तिथल्या समाजात मानाची, राजा ती सन्मान म्हणून देतो. म्हणजे पक्ष्याची किंमत लोकांना होतीच, प्रश्न जमिनीचा होता. अलीकडच्या वर्षांत त्या भागात सशस्त्र संघर्ष चालू आहे, त्याने हे काम फार अवघड करून ठेवलंय. याची मला खरोखर काळजी वाटते.

---

झुलू_ते_जुन्नर:

पिसांचा विषय निघाला म्हणून. इस्वातिनीत (जुनं स्वाझिलँड) जांभळ्या तुऱ्याचा टुराको हा राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याची लाल पिसं डोक्यात खोवायचा मान राजघराण्याचा. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या मराठी सहली बऱ्याच असतात, त्यांना हा पक्षी नदीकाठच्या दाट झाडीत मिळू शकतो. सगळे सिंहाच्या मागे असतात, त्यामुळे गाडी थांबवायला सांगावी लागते!

आणि इथिओपियाच्या रुस्पोली टुराकोची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. युजेनियो रुस्पोली हा इटालियन राजपुत्र १८९३ मध्ये दक्षिण इथिओपियात फिरत असताना हत्तीने त्याला मारलं. त्याने जमवलेल्या पक्ष्यांत एक अनोळखी टुराको निघाला. पण तो कुठे मिळाला याची नोंदच नव्हती, आणि सांगणारा माणूस गेलेला. १८९६ मध्ये इटालियन पक्षीतज्ज्ञ सॅल्व्हाडोरी यांनी त्याचं वर्णन करून त्याला रुस्पोलीचं नाव दिलं. तो पक्षी रानात नेमका कुठे राहतो हे कळायला पुढे अनेक दशकं गेली. आज तो दक्षिण इथिओपियाच्या एका छोट्या पट्ट्यातच आहे.

---

पंखछंदी_सांगली:

जोडी घेत नाहीये. विक्रेत्याला काल फोन करून परिवेशच्या नोंदणीचं विचारलं, "ते तुम्ही करून घ्या" म्हणाला. पायात कडीही नाही.

पण विषय सोडलेला नाही. आधी नऊ मीटरांचं पक्षीगृह बांधतो, जमिनीखाली जाळी घालून, उंबर आणि पेरू लावून. झाडं वाढायला वेळ लागेल, तोवर कागदपत्रांसह पक्षी देणारा कुणी सापडला तर बघू. नाही सापडला तर उंबरावर आपले तांबट आणि हरियाल येतीलच. डॉक्टर, आराखडा पाठवला तर एकदा बघाल का?

---

खुरप्याआधी_स्टेथो:

नक्की पाठवा, विपूतून (विचारपूस, म्हणजे इथला खाजगी निरोप). मध्ये वेगळं करण्यासाठी सरकतं दार असू द्या, आराखड्यातच. नंतर बसवायला गेलात की दोन्ही पक्षी घाबरून जाळीवर आदळतात.

---

केतकी_कोथरूड:

अरण्यगंधाताई, ऑगस्टमध्ये बहिणीकडे नैरोबीला येतेय. सोबत सासूबाई आहेत, फार चालता येत नाही त्यांना. हा पक्षी दिसेल का?

---

अरण्यगंधा:

दिसेल, आणि सासूबाईंनाही दिसेल. लिमुरू रस्त्याकडच्या फाटकाने करूरा जंगलात या, तिथल्या वाटा रुंद आणि सपाट आहेत. ऑगस्टमध्ये इथे थंडी आणि ढगाळ हवा असते, स्वेटर आणा. सकाळी लवकर या. फळं लागलेलं उंबराच्या जातीचं झाड दिसलं की चालत राहू नका, तिथेच थांबा. आधी 'खॉव-खॉव-खॉव' असा घोगरा, चढत जाणारा आवाज येईल आणि एकाने सुरुवात केली की दूरवरून दुसरा उत्तर देईल. मग शेंड्याकडे नाही, मधल्या जाड फांद्यांकडे बघा, हलणारी फांदी शोधा. सायक्स माकडंही तिथेच असतात, त्यांच्यामुळे फांद्या जास्त जोरात हलतात, तो फरक लगेच कळेल. दुर्बीण नसेल तर माझी घेऊन येते. यायच्या दोन दिवस आधी विपू करा.